जुन्या मोटारीतील रेडिओची खरखर

जुन्या मोटारीचा रेडिओ खरखरू लागला म्हणजे पुष्कळ जण तो बदलावयास निघतात. वाचकहो, थोडे थांबावे. दोष बहुधा रेडिओच्या बाहेरच असतो.

प्रथम इंजिन बंद करून आकाशवाणीचे आदिलाबाद केंद्र १००.२ मेगाहर्ट्झवर लावावे. एफ.एम.च्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. बोथकडील रस्त्यावर टेकडी आड आली की आवाज क्षीण होणारच. तो मोटारीचा दोष नव्हे. परंतु त्याच जागी, मोटारीबाहेर, हातातला रेडिओ स्पष्ट बोलत असेल, तर एरियल तपासावी. या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर. तिचा चतुर्थांश, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर, ही एरियलची योग्य उंची होय. मोडकी काठी पुरत नाही. एरियलचे बूड पत्र्याला टेकते तेथील गंज खरवडून काढावा व वायरीची पिन रेडिओत घट्ट बसवावी.

इंजिन सुरू करताच खरखर आली, तर नीट कान द्यावा. पेट्रोलच्या मोटारीत वेगाबरोबर वाढणारी टकटक स्पार्क प्लगच्या ठिणगीची असते. चढत जाणारी शिट्टी डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची. मोबाइलचा चार्जर काढताच आवाज निवळला, तर चोर घरातच सापडला म्हणावयाचा!

पावसाळ्यात, मोबाइलला रेंज नसेल तेथे, पुराची सूचना रेडिओवरूनच कानी पडू शकते. म्हणून आम्ही सुचवितो, ही तपासणी पहिल्या पावसापूर्वीच, मोटार उभी करून, उरकावी.