वेल्समधील काउंटी कौन्सिलच्या निवडणुका

१९४६ सालच्या मार्च महिन्यांत वेल्समधील काउंटी कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या, त्या तब्बल नऊ वर्षांनंतर. १९३७ च्या मागून येणारी निवडणूक १९४० सालीं व्हावयाची होती. परंतु युद्धामुळें ती लांबणीवर पडली, आणि मधल्या काळांत एखादी जागा रिकामी झाल्यास ती सभासदांनींच आपल्या पसंतीचा मनुष्य घेऊन भरावी, अशी तरतूद करण्यांत आली. लोकमताचा कौल न घेतां इतकीं वर्षें चाललेल्या या संस्था कांहीं क्षुल्लक नव्हत्या. शाळा, बरेचसे रस्ते, निराश्रितांची सोय, सार्वजनिक रुग्णालयें, एवढा पसारा त्यांच्याकडे होता. मराठी श्रोत्यांस मुंबई इलाख्यांतील जुन्या जिल्हा लोकल बोर्डांची येथें आठवण होईल; पण अधिकार व पैसा या दोन्ही बाबतींत काउंटी कौन्सिल बोर्डाहून पुष्कळच वरचढ होती.

या कौन्सिला १८८८ च्या कायद्यानें जन्मास आल्या. त्यापूर्वीं काउंटीचा कारभार जमीनदार मंडळी न्यायाधीशाच्या नात्यानें पाहत असे. १८८९ च्या पहिल्याच निवडणुकींत वेल्समधील बहुतेक काउंट्यांत या मंडळींस बाजूस सरावें लागलें, आणि त्यांच्या जागीं उदारमतवादी पक्षाचे, चॅपेलमध्यें प्रार्थनेस जाणारे शेतकरी, दुकानदार व धर्मोपदेशक येऊन बसले. निवडणूक म्हणजे नुसता उपचार नव्हे, ही गोष्ट वेल्सनें त्याच वेळीं पाहिली.

१९४५ च्या कायद्यानें एक मोठी विसंगति दूर झाली. तोंपर्यंत पार्लमेंटसाठीं मत देणाऱ्या प्रत्येकास कौन्सिलसाठीं मत नसे. घराचा किंवा जागेचा ताबा ज्याच्या नांवावर, त्याला व त्याच्या पत्नीला हा हक्क. कारण कौन्सिलच्या खर्चाचा मोठा भार घरपट्टीवर पडे, व पट्टी भरणाऱ्यानेंच कारभारी निवडावे, हा जुना समज. कोळशाच्या खाणींत खपणारा पंचवीस वर्षांचा मुलगा बापाच्या घरीं राहत असेल, तर तो पार्लमेंटचा सभासद निवडूं शके. परंतु ज्या शाळेंत त्याचीं धाकटीं भावंडें शिकत, तिच्या कारभाऱ्यांविषयीं त्याचें मत कोणी विचारीत नसे. सामानासकट भाड्यानें घेतलेल्या खोलींत राहणारा कारकून, मोठ्या घरीं चाकरीस असलेली मोलकरीण, यांचीही तीच गत. युद्धावरून परत येऊन आईबापांच्या घरीं उतरलेल्या तरुणास हें सांगण्याची सोय राहिली नव्हती. १९४६ सालीं हे सर्वजण प्रथमच कौन्सिलचे मतदार झाले.

मात्र मत मिळालें म्हणजे मत देण्याचा प्रसंग येईलच असें नाहीं. मॉन्मथशायर धरून वेल्सच्या तेरा काउंट्या. कायद्यानें त्यांचे अधिकार जवळजवळ सारखे, पण आकार भलतेच विषम. कार्डिफ, स्वान्सी व मर्थर हीं स्वतंत्र शहरें वगळूनही ग्लॅमॉर्गनमध्यें १९५१ सालीं सात लाखांवर वस्ती होती. डोंगराळ रॅडनरशायरमध्यें ती अवघी वीस हजार. ग्लॅमॉर्गनच्या खाणींच्या दऱ्यांत मजूर पक्षाचा उमेदवार ठरला कीं पुष्कळदां निकालच ठरला. खरी चुरस पक्षाच्या स्थानिक बैठकींत होऊन जाई. शेतकी काउंट्यांत याच्या उलट. तेथें पक्षाचें नांव घेणें अप्रशस्त मानलें जाई, उमेदवार स्वतःस ‘अपक्ष’ म्हणवी, आणि शेजाऱ्याविरुद्ध उभें राहणें संकोचाचें वाटून कित्येक जागा बिनविरोध भरल्या जात.

जेथें लढत अटीतटीची होई, तेथेंही मतपेट्या उघडल्यावर सर्व संपलें असें होत नसे. निवडलेल्या दर तीन सभासदांमागें एक आल्डरमन असे. सभासदांची मुदत तीन वर्षांची, आल्डरमनची सहा. दर निवडणुकीनंतर निम्मे आल्डरमन निवृत्त होत व त्यांच्या जागीं नवे कौन्सिलनेंच निवडावयाचे असत. अनुभवी माणसें टिकावीं हा त्यांतील हेतु. व्यवहारांत मात्र एकदोन मतांचें काठावरचें बहुमत या मार्गानें भक्कम करतां येई, आणि लोकांनीं नाकारलेला मनुष्यही आल्डरमन होऊन पुन्हां सभागृहांत बसूं शके. जनतेच्या कौलावर पक्षांनीं चढविलेलें हें कलम लोकशाहीस शोभणारें नव्हतें, असेंच म्हटलें पाहिजे.

जुलै १९४८ मध्यें रुग्णालयें राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे गेलीं. १९४९ च्या निवडणुकीच्या वेळीं, म्हणून, कौन्सिलच्या हातीं उरलेली सर्वांत मोठी सत्ता शिक्षणाची होती. १९४४ च्या कायद्यानें प्रत्येक मुलास माध्यमिक शिक्षण देण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली होती. अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन मुलें वेगवेगळ्या शाळांत विभागावीं, कीं सर्वांस एकाच शाळेंत ठेवावें? अँगल्सी काउंटीनें १९४९ सालीं हॉलीहेड येथें दुसरा मार्ग धरला.

दुसरा प्रश्न भाषेचा. १९११ सालीं वेल्समधील शेंकडा ४३ लोक वेल्श बोलत. १९५१ सालीं ते शेंकडा २९ च्या आंतच उरले. मुलांचें शिक्षण होतां होईल तों आईबापांच्या इच्छेप्रमाणें व्हावें, असें तत्त्व १९४४ च्या कायद्यांत होतें, व वेल्श माध्यमाची मागणी करणाऱ्या पालकांस त्याचा आधार मिळाला. कार्मार्थनशायरच्या कौन्सिलनें १ मार्च १९४७ रोजीं, संत डेव्हिडच्या दिवशीं, लानेली या औद्योगिक गांवीं वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा उघडली. स्थानिक सत्तेनें चालविलेली ही अशी पहिलीच शाळा. पहिली माध्यमिक शाळा निघण्यास १९५६ साल उजाडावें लागलें, व ती फ्लिंटशायरच्या कौन्सिलनें रिल येथें काढली.

१९४९ सालीं कार्मार्थनशायरच्या कौन्सिलांत ग्विनवर एव्हन्स हे निवडून आले. वेल्सच्या राष्ट्रीय पक्षाचे ते अध्यक्ष. परंतु त्या सभागृहांत पक्षाचें बळ नगण्य होतें. पार्लमेंटमध्यें त्या पक्षाचा पहिला सभासद म्हणून ते १९६६ च्या पोटनिवडणुकींत निवडले गेले, तोंपर्यंत सतरा वर्षें लोटलीं होतीं. ती जागाही कार्मार्थनचीच होती.