वाकडे चाक आणि हरवलेले नाव

एखादे जुने छायाचित्र हाती आले की आपण काय करतो? ते उलटे करून मागे काही लिहिले आहे का ते पाहतो. नाव, साल सापडले की आपले समाधान होते. पण तो मजकूरच चुकीचा असला तर?

झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच छायाचित्रकाराने तरुणपणी मोटारींच्या शर्यतीचे एक चित्र टिपले. ते पुढे जगभर गाजले. त्यात उजवीकडे धावणारी एक मोटार आहे. तिचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. टाकीवर ६ हा आकडा आहे आणि चालकाशेजारी मेकॅनिक बसला आहे. गंमत अशी की, मोटारीचे चाक गोल न दिसता पुढे झुकलेल्या लंबवर्तुळासारखे दिसते, तर रस्त्याकडेची माणसे आणि खांब मात्र मागे कलले आहेत! असे का व्हावे?

लार्तीगच्या कॅमेऱ्यात काचेच्या पट्टीपुढे एक पडदा होता आणि त्या पडद्यात एक अरुंद फट. पडदा सरकला की फट पट्टीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई. म्हणजे सगळे चित्र एकाच क्षणी उमटत नसे. आधी चाकाचा खालचा भाग उमटे, मग मधला आणि शेवटी वरचा. तेवढ्या वेळात मोटार पुढे गेलेली असे.

थोडे गणित करू. समजा, मोटारीचा वेग ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर आहे. चाकाच्या तळापासून माथ्यापर्यंत जायला फटीला १/१०० सेकंद लागले, तर तेवढ्यात मोटार ३० सेंटिमीटर पुढे सरकेल. माथा तळापेक्षा पुढे उमटेल आणि चाक झुकलेले दिसेल.

मग माणसे मागे का कलली? कारण लार्तीग कॅमेरा मोटारीबरोबर फिरवत होता, पण तिच्यापेक्षा किंचित हळू. त्यामुळे चौकटीत मोटार पुढे सरकत होती आणि माणसे मागे. रेल्वेतून बाहेरची झाडे मागे पळताना दिसतात, तसेच हे. सापेक्ष वेगाचा धडा एकाच चित्रात दोनदा!

आता ओळख पटवण्याकडे वळू. या चित्राखाली वर्षानुवर्षे ‘१९१२ची फ्रेंच ग्रां प्री, डेलाज मोटार’ असे छापले जात होते. पण अभ्यासकांनी शर्यतींच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा अडचण दिसली. १९१२ साली दिएप येथे झालेल्या त्या शर्यतीत डेलाज कंपनीच्या मोटारी उतरल्याच नव्हत्या. म्हणजे साल आणि मोटार, दोन्ही एकदम खरी असणे शक्य नाही. मग ६ हा आकडा कामी आला. नुसता आकडा पुरत नाही, कारण तो दर शर्यतीत कोणाला तरी मिळतोच. मात्र आकडा, मोटारीची घडण आणि स्पर्धकांची यादी या तिन्ही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. त्या जुळल्या १२ जुलै १९१३ रोजी आमियाँ येथे झालेल्या शर्यतीशी. तेथे ६ क्रमांकाची मोटार होती श्नायडर कंपनीची आणि चालक होता क्रोके.

दोन्ही वर्षी जिंकला प्यूजो मोटारीचा चालक बॉइयो. त्याचे नाव इतिहासात राहिले. क्रोके जिंकला नाही, पण मोटार शतकातील एका प्रसिद्ध चित्रात तो बसला आहे, आणि त्याच्याच चित्राखाली त्याचे नाव नव्हते. एका चुकीच्या ओळीने एका माणसाचे श्रेय झाकले जाते, ते असे.

जुन्या चित्रांत आणखीही खुणा असतात. चालकाशेजारी मेकॅनिक दिसला, तर युरोपातील ग्रां प्री बहुधा १९२५ पूर्वीची समजावी, कारण त्या वर्षापासून मेकॅनिक बसवणे बंद झाले. रंगांबाबत मात्र सावध राहा! फ्रान्सच्या मोटारी निळ्या आणि इटलीच्या लाल असत. पण त्या काळच्या बहुतेक काचपट्ट्यांना निळा प्रकाश चटकन जाणवे आणि लाल जवळजवळ जाणवतच नसे. म्हणून चित्रात निळी मोटार फिकट दिसते आणि लाल मोटार काळपट. ‘मोटार काळी होती’ असे म्हणण्यापूर्वी पट्टी कोणती होती हे विचारायला हवे.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही बहुधा चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपले जाते. बसच्या वा गाडीच्या खिडकीतून जवळच्या खांबाचा फोटो काढा. खांब कोणत्या बाजूला कलला ते पाहा आणि कारण वहीत लिहा.

मग घरातला किंवा शाळेतला एखादा जुना गटफोटो काढा. मागच्या मजकुरावर विसंबू नका. कपडे, इमारत, फलक, झाडे पाहा. आजी-आजोबांना, जुन्या शिक्षकांना विचारा. दोन वेगळे पुरावे जुळले, तरच नाव लिहा. आणि जुळले की मात्र लिहाच, कारण ते सांगणारी माणसे कायम आपल्याजवळ नसतात.