ब्लूटूथ जोडताना दिसणारे ते सहा आकडे कशासाठी असतात?

टॅबलेटला ब्लूटूथने फोन जोडायला घेतला की दोन्ही स्क्रीनवर सहा आकडी संख्या येते आणि खाली ‘पेअर’चं बटण. बहुतेक जण संख्येकडे न बघताच बटण दाबतात. हा पासवर्ड असावा, असंही अनेकांना वाटतं. पण ही संख्या गुपित नाहीच. शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन्हीकडची संख्या वेगळी असताना ‘पेअर’ दाबलं तर.

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा पेअरिंगसाठी पिन टाकावा लागे आणि तो बहुधा ०००० किंवा १२३४ असे. दोन उपकरणांमधलं बोलणं ज्या किल्लीने कुलूपबंद व्हायचं, ती किल्ली या पिनच्या जोरावरच तयार होई. २००५ साली तेल अवीव विद्यापीठातल्या यानिव शाकेड आणि अविशाय वूल यांनी दाखवून दिलं की, पेअरिंग चालू असताना हवेतले संदेश टिपले, तर चार आकडी पिन साध्या पेंटियम संगणकावरही एका सेकंदाच्या आत शोधता येतो.

२००७ मध्ये ब्लूटूथ २.१ सोबत नवी पद्धत आली. यात प्रत्येक उपकरण किल्ल्यांची एक जोडी तयार करतं. एक किल्ली स्वतःजवळ ठेवतं, दुसरी समोरच्याला उघडपणे पाठवतं. आपली गुप्त किल्ली आणि समोरच्याची उघड किल्ली यांचं गणित केलं की दोघांकडे एकच उत्तर येतं. ते उत्तर हवेतून कधी जातच नाही. त्यामुळे कुणी सगळे संदेश ऐकले तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

एक वाट मात्र उरते. समजा, तिसराच कुणी मध्ये उभा राहिला. टॅबलेटला तो म्हणाला ‘मी फोन’ आणि फोनला म्हणाला ‘मी टॅबलेट’. दोघेही बिचारे त्याच्याशीच किल्ल्यांची देवाणघेवाण करतील आणि तो सगळं वाचून पुढे पाठवत राहील. गणिताला ही लबाडी ओळखता येत नाही, डोळ्यांना येते. सहा आकडी संख्या त्या देवाणघेवाणीतूनच निघते, त्यामुळे मध्ये कुणी असेल तर दोन स्क्रीनवर वेगवेगळ्या संख्या दिसतात. योगायोगाने त्या सारख्या येण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे सगळी सुरक्षा शेवटी दोन संख्या ताडून बघणाऱ्या माणसावर येऊन ठेपते, आणि नेमका तोच घाईत असतो.

कीबोर्ड जोडताना रीत थोडी बदलते. टॅबलेटवर दिसणारे आकडे कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं. इथे मात्र ते आकडे त्या क्षणापुरते गुपित असतात. इअरबड्सना ना स्क्रीन, ना बटणं. त्यामुळे ते काही न विचारता जोडले जातात. चोरून ऐकणाऱ्यापासून तिथेही संरक्षण मिळतं, पण मध्ये कुणी उभं आहे का, हे कळायची सोय नसते. असा डाव साधायला चोर पेअरिंगच्या वेळीच जवळपास असावा लागतो. म्हणून नवी वस्तू गर्दीच्या स्टेशनवर जोडण्यापेक्षा घरी जोडलेली बरी.

टॅबलेटच्या बाबतीत याहून मोठी काळजी जुन्या सॉफ्टवेअरची आहे. २०२३ मध्ये मार्क न्यूलिन या संशोधकाने अशी त्रुटी उघड केली, जिच्यामुळे ब्लूटूथ चालू असलेल्या अँड्रॉइड उपकरणाला खोटा कीबोर्ड परस्पर जोडता येत होता, मालकाला न विचारता. मग मालकच टाइप करतोय अशा थाटात लांबून बटणं दाबता येत. अँड्रॉइड ११ ते १४ साठी दुरुस्ती आली. अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ती मिळाली नाही. मुलांच्या हाती दिलेले जुने टॅबलेट बहुधा याच वर्गातले असतात. त्यांच्यावर ब्लूटूथ गरजेपुरतंच चालू ठेवावं.

एकदा जोडणी झाली की किल्ली दोन्ही उपकरणांत साठवली जाते, म्हणूनच दुसऱ्या वेळी आकडे दिसत नाहीत. हरवलेला किंवा विकलेला कीबोर्ड टॅबलेटच्या यादीत तसाच राहिला, तर ती किल्लीही तशीच राहते. ती पुसायला ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या नावापुढचं ‘फरगेट’ दाबावं लागतं.