भोकाच्या आतले हत्यार का थरथरते?

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावात ‘बोअर’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती विंधन विहीर. पण पंपाचा बुश झिजला, तर तो नवा करताना लेथवरही ‘बोअरिंग’ करावे लागते. ड्रिलने पाडलेले भोक नेमके गोल आणि मापात नसते. म्हणून चकमध्ये धरलेला बुश फिरता ठेवून, टूल पोस्टमध्ये पकडलेला बोअरिंग बार त्याच्या भोकात घालतात आणि आतून तासत माप गाठतात. माप चुकले तर शाफ्ट खडखडतो आणि ऐन हंगामात पंप बंद पडतो.

हा बार कारागीर स्वतःच करू शकतो. माइल्ड स्टीलची गोल सळई घ्यायची, टोकाजवळ आडवे भोक पाडायचे, हायस्पीड स्टीलच्या तुकड्याला धार लावून तो त्यात बसवायचा आणि स्क्रूने आवळायचा.

समजा, ३० मिलिमीटर व्यासाचे भोक ७५ मिलिमीटर खोल तासायचे आहे आणि १२ मिलिमीटर जाडीचा बार ८० मिलिमीटर बाहेर काढला आहे. काम सुरू होताच बार थरथरतो, कर्कश आवाज होतो आणि भोकात लाटा उमटतात. मग कुणी म्हणेल, ‘बार पाणी देऊन कठीण करा.’ याचा उपयोग होईल का?

आपण वर्गात पाहू या. पोलादी फूटपट्टीचे एक टोक टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा. २४ सेंटिमीटर भाग बाहेर ठेवून टोकाला असे वजन टांगा, की पट्टी सुमारे १६ मिलिमीटर वाकेल. आता तेच वजन १२ सेंटिमीटरवर टांगा. पट्टी जेमतेम २ मिलिमीटर वाकेल. लांबी निम्मी, वाक आठवा हिस्सा! वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. पट्टी कडेवर उभी धरली तर ती वाकल्याचे जाणवतही नाही. पोलाद तेच, आकार उभा झाला इतकेच.

गोल बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणून १२ ऐवजी २० मिलिमीटरचा बार सुमारे पावणेआठ पट ताठ ठरतो. पाणी दिल्याने पोलाद कठीण होते, म्हणजे त्यावर ओरखडा सहज उठत नाही. पण त्याचा यंग गुणांक जवळजवळ तोच राहतो, म्हणून ताठपणा वाढत नाही. कार्बाइडचा बार मात्र पोलादाच्या सुमारे तिप्पट ताठ असतो, कारण तो पदार्थच वेगळा आहे.

यावरून कारागिरांचा नियम समजतो : भोकात मावेल तेवढा जाड बार घ्या आणि पोलादी बार जाडीच्या चौपटीहून अधिक बाहेर काढू नका. तासताना बार खाली दबतो, म्हणून धार मध्यरेषेच्या किंचित वर ठेवतात. शेवटी माप न बदलता हत्यार पुन्हा एकदा फिरवतात, तेव्हाही बारीक कीस निघतो. आधी वाकलेला बार सरळ होत असल्याची ती खूणच!

१७७५ मध्ये इंग्लंडमधील जॉन विल्किन्सनने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर तासताना त्याने बार आरपार घालून दोन्ही टोकांना आधार दिला. जेम्स वॉटला नेमके सिलिंडर मिळाले, ते त्यामुळे.

आता मुलांना विचारा : तीच पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधोमध वजन टांगले, तर ती किती वाकेल?