सुवर्णकाळ कोणाचा? महिलांच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघांचे कालखंड व त्यांविषयीची रुची-अरुची

मराठी भाषेच्या इतिहासाचे यादवकाल, बहमनी काल, शिवकाल व पेशवेकाल असे जे खंड पाडले जातात, ते राजवटींच्या नावांवरून पाडलेले आहेत, हे अभ्यासकांस ठाऊकच आहे. भाषेतील फेरबदल राजवटीबरोबर सुरू होतात व तिच्याबरोबरच संपतात असे कोणी मानीत नाही. तथापि खंडास एकदा नाव मिळाले की त्याच्याविषयी आवड वा नावड बाळगणे सोपे होते आणि त्या आवडीचे कारण शोधण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. क्रीडेच्या क्षेत्रातही हाच प्रकार घडतो. महिलांच्या जिम्नॅस्टिक्सच्या जाणकार प्रेक्षकांत ‘सोव्हिएत युग’, ‘रुमानियन युग’, ‘अमेरिकन युग’ हे शब्दप्रयोग रूढ असून त्यांपैकी कोणते श्रेष्ठ व कोणते नकोसे, याविषयी मोठ्या निष्ठेने वाद घातले जातात. या वादाच्या मुळाशी कोणती प्रमाणे आहेत व ती परस्परांशी कितपत जुळतात, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बाह्य व आंतरिक विभागणीतील भेद लक्षात घ्यावयास हवा. पदकांच्या कोष्टकावरून केलेली विभागणी ही बाह्य होय. सोव्हिएत संघाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकपर्यंत प्रत्येक वेळी सांघिक सुवर्णपदक मिळविले. १९८४ साली बहिष्कारामुळे तो संघ अनुपस्थित असताना ते पदक रुमानियास मिळाले. १९८८ साली ते पुन्हा सोव्हिएत संघाकडे गेले आणि १९९२ साली, राज्यसंघ विसर्जित झाल्यावरही, संयुक्त संघाच्या नावाने त्याच परंपरेतील मुलींनी ते जिंकले. या कोष्टकावरून पाहिल्यास चाळीस वर्षांचे एकच युग दिसते. परंतु १९५६ ची कसरत व १९८८ ची कसरत शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास तो एकच खेळ आहे यावर अनभ्यस्त माणसाचा विश्वास बसणे कठीण. म्हणूनच आंतरिक विभागणीची गरज भासते. ती तीन गोष्टींवरून करता येते: गुण कशास मिळतात, संघाची रचना कशी असते व स्पर्धकांचे वय काय असते.

पहिला खंड स्थूलमानाने १९५२ ते १९६८ असा धरता येईल. या काळी उपकरणांवरील कसरतीत नृत्याची डौलदार चाल व शरीराच्या रेषांची शुद्धता यांना मान होता. स्पर्धक पूर्ण वाढ झालेल्या स्त्रिया असत. हंगेरीच्या आग्नेस केलेती यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळविली तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. सोव्हिएत संघाच्या लारिसा लातिनिना यांनी १९५८ च्या जागतिक स्पर्धेत गरोदर असताना पाच सुवर्णपदके जिंकली, आणि तीन ऑलिंपिक मिळून त्यांच्या पदकांची संख्या १८ झाली. चेकोस्लोव्हाकियाच्या व्हेरा चास्लाव्स्का या १९६४ व १९६८ अशा दोन्ही वेळी सर्वंकष विजेत्या ठरल्या. मेक्सिकोत पदकप्रदानाच्या वेळी सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू असता त्यांनी मान खाली वळविली. आपल्या देशावर झालेल्या आक्रमणाचा तो मूक निषेध होता व त्याची शिक्षा त्यांना मायदेशी दीर्घकाळ भोगावी लागली. या खंडाचे चाहते त्यातील प्रौढ सौंदर्याची प्रशंसा करतात; नावड असणारे त्यातील कसरती सोप्या होत्या असे म्हणतात. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती दोन निराळ्या प्रमाणांवर आधारलेली आहेत.

दुसरा खंड १९७२ ते १९९२ हा होय. म्यूनिक येथे १७ वर्षांच्या ओल्गा कोर्बुट हिने उंच दांडीवर उभे राहून मागे उडी घेतली व तीच दांडी पुन्हा हातांनी पकडली. सर्वंकष विजेतेपद तिच्याच संघातील ल्युदमिला तुरिश्चेवा हिने मिळविले, परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात कोर्बुट राहिली. चार वर्षांनी माँट्रियल येथे रुमानियाच्या १४ वर्षांच्या नादिया कोमानेची हिला १० पैकी १० गुण मिळाले. फलकावर दहाचा आकडा दाखविण्याची सोयच नसल्यामुळे तेथे १.०० असे दिसले. त्या एका स्पर्धेत तिने असे पूर्ण गुण सात वेळा मिळविले. बहुसंख्य प्रेक्षकांचे आवडते युग म्हणजे हेच. काठिण्य व लालित्य यांचा जो मेळ या वर्षांत, विशेषतः सोव्हिएत संघाच्या फ्लोअरवरील रचनांत साधला, तो नंतर क्वचितच साधला असे मत पुष्कळ जाणकार देतात. शिवाय संघातील सहा जणी कसरत करीत व त्यांपैकी पाच जणींचे गुण धरले जात; त्यामुळे संघ म्हणजे एक शैली, एक शाळा, असे त्याचे रूप सहज नजरेत भरे.

या खंडाची दुसरी बाजू मात्र पुढे उघड होत गेली. १९७८ ची जागतिक विजेती एलेना मुखिना ही मॉस्को ऑलिंपिकच्या काही आठवडे आधी सरावात मानेवर पडली व तिचे शरीर कायमचे लुळे झाले. पायाचे हाड नुकतेच मोडलेले असताना तिला ती धोकादायक कसरत करावयास लावण्यात आले होते. रुमानियाच्या गुप्त पोलिसांच्या दप्तरातील कागदांवर आधारलेला एक ग्रंथ २०२१ साली त्या देशात प्रसिद्ध झाला आणि त्यात संघातील मुलींना झालेली मारहाण व त्यांची उपासमार यांच्या नोंदी समोर आल्या. येथे एका भाषिक गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. स्पर्धेचे अधिकृत नाव प्रारंभापासून ‘महिलांची’ असेच आहे. परंतु १९८० पर्यंत चौदा वर्षे हेच किमान वय होते, १९८१ पासून ते पंधरा झाले व १९९७ पासून सोळा. नाव तेच राहून त्याचा वाच्यार्थ पालटला होता. नाव स्थिर असल्यामुळे तो पालट प्रेक्षकांच्या ध्यानी उशिरा आला, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरा खंड १९९३ ते २००५ हा संक्रमणाचा होय. १९९६ नंतर सर्व स्पर्धकांनी एकच ठरलेली कसरत करून दाखविण्याची अनिवार्य फेरी रद्द झाली. ही फेरी प्रेक्षकांस नीरस वाटे. परंतु मूलभूत तंत्राची पारख तीतच होत असल्याने तिच्या लोपाबद्दल जुने जाणकार हळहळ व्यक्त करतात. १९९४ पासून २००१ पर्यंतची पाच जागतिक सांघिक विजेतेपदे व त्यांच्या जोडीला २००० आणि २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके रुमानियाने मिळविली. अटलांटा येथे १९९६ साली अमेरिकेस पहिले सांघिक सुवर्णपदक लाभले. केरी स्ट्रग हिने पाऊल दुखावलेले असताना व्हॉल्टवरील दुसरी उडी घेतली, हे त्या स्पर्धेचे सर्वांत गाजलेले दृश्य. ती उडी झाली नसती तरी सुवर्णपदक अमेरिकेसच मिळाले असते, हे अंतिम गुणांच्या हिशेबावरून नंतर दिसून आले. त्या काळी शौर्य म्हणून वाखाणलेली ही घटना आज अनेकांस अस्वस्थ करते. घटना तीच आहे. तिला लावावयाचे विशेषण बदलले आहे.

चौथा खंड २००६ पासून सुरू होतो. त्या वर्षी दहाची कमाल मर्यादा रद्द होऊन काठिण्याचे व सफाईचे गुण वेगळे मोजण्याची पद्धत आली. काठिण्यास वरची सीमा उरली नाही. त्यामुळे एखाद्या अवघड उडीवर सर्व भिस्त ठेवणे शक्य झाले. भारतीय वाचकांस याचे उदाहरण परिचयाचे आहे. त्रिपुराच्या दीपा कर्माकर हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ७.० काठिण्यांकाची ‘प्रोदुनोवा’ उडी घेऊन व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथे स्थान मिळविले व अवघ्या ०.१५ गुणाने तिचे पदक हुकले. पुढील गुणसंहितेत त्या उडीचे मूल्य कमी करण्यात आले. याच पद्धतीत अमेरिकेचे वर्चस्व प्रस्थापित झाले. सांघिक अंतिम फेरीत आता प्रत्येक उपकरणावर तिघी उतरतात व तिघींचेही गुण धरले जातात, म्हणून एकीची चूक साऱ्या संघास भोवते. २०१२ व २०१६ चे अमेरिकन संघ या कसोटीस इतके उतरले की अनेकांनी त्यांस आजवरचे सर्वश्रेष्ठ संघ ठरविले. तथापि जानेवारी २०१८ मध्ये मिशिगन राज्यातील न्यायालयात संघाचा माजी वैद्य लॅरी नासर याच्यासमोर १५० हून अधिक स्त्रियांनी आपल्यावरील लैंगिक अत्याचारांची निवेदने केली. त्यांत ऑलिंपिक विजेत्याही होत्या. त्यास ४० ते १७५ वर्षे कारावासाची शिक्षा झाली, आणि त्या दोन्ही विजयी संघांची वर्षे नव्याने वाचणे भाग पडले.

वरील आढाव्यावरून असे दिसते की आवडते युग व नावडते युग ही पुष्कळदा निराळी नसून एकाच वर्षांची दोन वाचने आहेत. पहिले वाचन रंगमंचावरून होते व दुसरे पडद्यामागून. ‘सुवर्णकाळ’ हा शब्द पहिल्या वाचनाचा आहे; त्यात पदके मोजली जातात, त्यांची किंमत मोजली जात नाही. मग त्या काळाच्या कसरतींचे सौंदर्य खोटे मानावे काय? तसे मानल्यास, ज्या मुलींनी ते सौंदर्य घडविले त्यांच्याकडून त्यांची एकमेव मिळकतही काढून घेतल्यासारखे होईल. उलट सौंदर्याकडे बोट दाखवून क्रौर्याचे समर्थन करणे हा युक्तिवादही टिकत नाही. कारण केलेती, लातिनिना व चास्लाव्स्का यांच्या उदाहरणांनी प्रौढ स्त्रियांचा खेळ पूर्वीच सिद्ध झालेला होता.

अलीकडील घटनाही हेच सुचवितात. टोकिओ येथे २०२१ साली सांघिक अंतिम फेरीतील पहिल्या उडीनंतर सिमोन बाइल्स हिने माघार घेतली व अमेरिकेस रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. स्ट्रगला जो निर्णय घेता आला नाही तो येथे घेतला गेला. २०२४ साली पॅरिस येथे २७ वर्षांची बाइल्स पुन्हा संघात होती, पाचांपैकी चौघी वीस वर्षांवरील होत्या, आणि सुवर्णपदक त्यांनी मिळविले. त्याच स्पर्धेत इटलीस सांघिक रौप्यपदक मिळाले. त्या देशाचे यापूर्वीचे सांघिक रौप्यपदक १९२८ सालचे होते आणि त्या जुन्या संघात लुइजिना जावोत्ती ही अकरा वर्षांची मुलगी होती. २०१२ नंतर दोन ऑलिंपिकांना मुकलेला रुमानियन संघही पॅरिस येथे परत आला व सातवा आला. जुन्या पद्धतीने पाहणाऱ्यास या सातव्या क्रमांकात ऱ्हास दिसेल.

कालखंडास नाव देणे हे अभ्यासकाचे काम आहे व ते टाळता येत नाही. परंतु राजवटीच्या नावावरून भाषेचा खंड ओळखताना त्या काळी घराघरांत प्रत्यक्ष काय बोलले जात होते, हे शोधण्याची जबाबदारी जशी संपत नाही, तसेच विजेत्या राष्ट्राच्या नावाने युग ओळखताना त्या संघातील मुलींचे दिवस कसे गेले, हे विचारण्याची जबाबदारीही संपत नाही. जो खंड या प्रश्नासमोर उभा राहू शकेल, त्यासच आवडता म्हणण्यात अर्थ आहे.