सोनेगावची मध्यरात्र

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. या चार शहरांतून रात्री निघालेली चार विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, स्वस्तात प्रवास करणारे उतारू विमान बदलायचे आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. जानेवारी १९४९मध्ये सुरू झालेली ही सेवा १९७३पर्यंत चालली. आमच्या वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाटहून सोनेगाव शंभरेक किलोमीटर. मुंबईचं विमान तर वऱ्हाड ओलांडूनच जायचं. खाली आमचे लोक संत्र्याच्या बहाराची चिंता करत झोपलेले आणि वरून देशाचं टपाल चाललेलं!

विमानोड्डाणावरची पुस्तकं वाचताना मला हे सोनेगाव सारखं आठवतं. सेंत-एक्झुपेरीची ‘नाइट फ्लाइट’ ही छोटी कादंबरी १९३१ची. पॅटागोनिया, चिली आणि पॅराग्वेहून टपालविमानं रात्री ब्यूनस आयर्सला यायची आहेत. त्यातलं एक वादळात सापडतं. लेखक स्वतः अर्जेंटिनात हेच काम पाहत होता, म्हणून त्यातला अंधार खरा वाटतो. तिकडे तीन विमानं, आमच्याकडे चार. पण सोनेगावची कादंबरी मराठीत माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

त्या काळची डाकोटासारखी विमानं चालवणं म्हणजे काय, हे कळायला अर्नेस्ट गॅनचं ‘फेट इज द हंटर’ (१९६१) वाचावं. आग्र्याहून जड झालेलं विमान उचलताना ताजमहाल कसाबसा चुकवल्याचा प्रसंग त्यात आहे. यातली फुशारकी थोडी वजा केली तरी पुस्तक उरतंच. बेरिल मार्कमचं ‘वेस्ट विथ द नाइट’ १९४२चं. ते चाळीस वर्षं विस्मरणात होतं, १९८३मध्ये पुन्हा छापलं गेलं आणि मग गाजलं.

आपल्याकडे घरोघरी पोचलं ते कलामांचं ‘अग्निपंख’, माधुरी शानभागांच्या अनुवादात. पण ती वैमानिक होऊ न शकलेल्याची गोष्ट. हवाई दलाच्या निवडीत कलाम नववे आले आणि जागा आठच होत्या. हवाई दलप्रमुख हृषीकेश मुळगावकर (१९७६–७८) यांनी आठवणी लिहिल्या, त्याही इंग्रजीत. उडणारी मराठी माणसं कमी नाहीत. लिहिणारी कमी आहेत, आणि मराठीत लिहिणारी त्याहून कमी.

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. एअर इंडियाने आपली वैमानिक प्रशिक्षण संस्थाही तिथेच जाहीर केली आहे. तिथे शिकणाऱ्या वऱ्हाडी पोरापोरींना एवढंच सांगणं: लॉगबुकाशेजारी एक साधी वही ठेवा, आणि ती मराठीत लिहा.