बॅगा कुणी सांभाळायच्या?

आमच्या शीवची थंडी ती केवढी! पहाटे पंखा बंद केला की झाले. त्यामुळे मागच्या जानेवारीत मनालीचा बेत ठरला, तेव्हा स्वेटर शेजारणींकडून गोळा करावे लागले.

मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर. स्कीइंगची सोलंग दरी त्याहून वर, २,५०० मीटरच्या आसपास. म्हणून पहिल्या दिवशी मुलांना पळापळ करू देऊ नका. विरळ हवेची सवय व्हायला हवी. कोट, गमबूट तिथे भाड्याने मिळतात. काळा चष्मा मात्र प्रत्येकाला हवाच, बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना बाधते. नाताळात बर्फ असेलच असे नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी अधिक खात्रीचे.

सोलंगला पोचल्यावर हे म्हणाले, "तू बॅगा सांभाळ, आम्ही आलोच." मीही सवयीने बसले. तासाभराने लेक आली, "आई, तू पण ये ना गं!"

उठले, आणि चार पावलांत आपटले! शिकवणारा म्हणाला, "आधी पडायलाच शिकायचं असतं." वर्गात मुलांना "चुकलं तरी चालेल" म्हणणारी मी स्वतः कित्येक वर्षांत पडलेच नव्हते. त्या दिवशी सात वेळा पडले, पोटभर हसले. बॅगा ह्यांनी सांभाळल्या.

पाय मात्र गारठले. सगळ्यांना लोकरी मोजे घेतले होते, माझेच तेवढे सुती! ते भिजले की वाळत नाहीत. तेव्हा सामानाची यादी कराल, तेव्हा लोकरी मोज्यांचा एक जोड स्वतःसाठीही लिहा. तोही सर्वांत आधी.